वाडीतले देऊळ, इमारतीतला शेजार

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या उपनगरांतल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत आगेरा साजरा होतो. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. भाताच्या ताज्या लोंब्या सजवलेल्या गाडीत ठेवायच्या, बँडच्या तालावर मिरवत चर्चपर्यंत न्यायच्या, फादरनी त्यांच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडायचे आणि मग प्रत्येकाने एकेक लोंबी घरी नेऊन देवाच्या तसबिरीजवळ लावायची. बायका ठेवणीतली लुगडी काढतात, केसांत फुले माळतात, म्हातारी माणसे मुलानातवंडांचा हात धरून चालतात. गोराई-उत्तनकडे अजून थोडीफार शेते आहेत. पण मरोळ, कुर्ला, वांद्रे इथली शेते इमारतींखाली जाऊन पिढ्या लोटल्या. तरी तिथेही आगेरा होतो. लोंब्या बाहेरून मागवतात.

शेत गेले, नांगर गेला, शेतकऱ्याचा नातू बँकेत किंवा विमानतळावर नोकरीला लागला. तरी नव्या धान्याबद्दल देवाचे आभार मानायचे राहून जाऊ नयेत, म्हणून हा खटाटोप. पाहणाऱ्याला त्यात हौस दिसेल, परंपरेचा अभिमानही दिसेल. मला त्यात एक प्रश्न दिसतो. इथला ख्रिस्ती धर्म गावात रुजला. त्याला ऋतू होते, जमीन होती, ओळखीचा शेजार होता. गावाचे उपनगर झाले आणि या तिन्ही गोष्टी हातच्या सुटल्या. मग श्रद्धेने उभे राहायचे कशावर? साष्टी बेटापासून वैतरणेच्या अलीकडच्या वसईपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न रोज जगला जातो. त्याची उत्तरेही इथेच सापडतात.

तट पडले, देवळे राहिली

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले. पुढच्या दोन शतकांत वसई-साष्टीच्या कोळी, भंडारी, आगरी, वाडवळ, सामवेदी अशा नाना जातीजमातींतून ख्रिस्ती समाज तयार झाला. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानपर्यंत गेला, तिथे आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर ठार मारण्यात आले. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. राजाश्रय गेला, गोरे धर्मगुरू गेले, किल्ल्यातली भव्य देवळे ओस पडली. त्या वेळी हा समाज पांगला असता किंवा जुन्या वाटेला परतला असता, तर नवल वाटले नसते. तसे झाले नाही. मोजके देशी धर्मगुरू आणि घरोघरची जपमाळ यांच्या बळावर श्रद्धा टिकली. या समाजाला परक्या सत्तेची सावली म्हणणाऱ्यांनी हा काळ नीट वाचायला हवा. सत्ता जाऊन आता पावणेतीनशे वर्षे उलटली.

पुढे इंग्रजी अमदानीत साष्टी-मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारदरबारी ठसवणे हा त्यामागचा हेतू. घरातली बोली मात्र मराठीचीच राहिली. वसईच्या ख्रिस्ती माणसाने हे नाव फारसे लावून घेतले नाही. तो स्वतःला वसईकर म्हणवतो, चर्चला देऊळ म्हणतो आणि तिथल्या उपासनेला निघताना ‘मिस्साला जाऊन येतो’ असे सांगतो.

कारखान्यांमधले भग्न देऊळ

उपनगर श्रद्धेच्या जागेचे काय करते, हे पाहायचे तर अंधेरीच्या सीप्झमध्ये जावे. निर्यातीसाठी राखलेल्या या औद्योगिक वसाहतीत परवाना असल्याशिवाय शिरता येत नाही. हिऱ्यांचे दागिने आणि सॉफ्टवेअर तयार होणाऱ्या इमारतींच्या मध्ये झाडाझुडपांत एका देवळाचे अवशेष उभे आहेत. कोंडिवट्याचे संत जॉन द बॅप्टिस्ट यांचे हे देऊळ जेझुइटांनी १५७९ साली बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव मोडले, लोक मरोळला सरकले आणि देऊळ ओस पडले. विसाव्या शतकात भोवतालची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि तिच्याबरोबर हे अवशेषही कुंपणाच्या आत गेले.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, इथे मिस्सा होतो. छप्पर नाही, दारे-खिडक्या नाहीत, भिंतींतून झाडांची मुळे बाहेर आलेली. तरी आजूबाजूच्या गावठाणांतली कुटुंबे नटूनथटून येतात. वर्षातला तो एक दिवस चुकवला, तर आपल्या पूर्वजांचे गाव नकाशावरून पुरते पुसले जाईल, ही जाणीव त्या गर्दीत असते.

रस्त्याच्या कडेचे क्रूसही असेच. वांद्र्यातले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात उभे राहिले. ज्या गल्लीत माणसे पटापट मरत होती, तिथल्या वाचलेल्यांनी ते बांधले. मे महिन्यात संध्याकाळी अशा क्रुसाभोवती गल्ली जमते, दिवे लागतात, जपमाळ होते, शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. त्या वेळी शेजारच्या टॉवरमधली कुठल्याही धर्माची मुले चण्यांसाठी ओंजळ पुढे करतात आणि त्यांना कोणी नाही म्हणत नाही. रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली की याच क्रुसाला ‘अडथळा’ म्हटले जाते. गल्लीतले लोक मग जुनी कागदपत्रे काढून पालिकेच्या कचेरीत खेपा घालतात.

बावखल

वसईत जमीन अजून पूर्ण गेलेली नाही, म्हणून तिथली लढाई जास्त तीव्र आहे. स्टेशनच्या बाजूने पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने निघाले की इमारतींची दाटी हळूहळू विरळ होते आणि केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या लागतात. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवून केलेली सुकेळी ही इथलीच. भाजी, फुले, केळी घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या वसईच्या बायांनी कित्येक घरांतली मुले शिकवली.

या वाड्यांचा जीव बावखलात आहे. बावखल म्हणजे वाडीत खणलेला मोठा, खोल, उघडा खड्डा. विहिरीहून रुंद, तळ्याहून लहान. त्याला बांधीव काठ नसतो, उतरायला मातीची उतरण असते. पावसाळ्यात वाड्यांतले पाणी त्यात उतरते, जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना गोडे पाणी पुरवते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी खारट होत नाहीत, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे हे शहाणपण आहे. गोड्या पाण्याचा साठा वरून दाब देत राहतो, तोवर खारे पाणी आत घुसत नाही. उपसा वाढला आणि मुरणारे पाणी घटले की मचूळ पाणी विहिरीत चढते. मग केळीची पाने कडेने करपू लागतात.

ऐंशीच्या दशकात नेमके हेच सुरू झाले. मुंबईत न परवडणारी घरे वसई-विरारमध्ये उभी राहू लागली आणि त्यांना पाणी पुरवण्यासाठी वाड्यांतल्या विहिरींना पंप लागले. टँकरमागून टँकर स्टेशनकडे धावू लागले. त्यातच हरित पट्टा बांधकामासाठी खुला करण्याचे सरकारी धोरण आले. पैसा, जमीन आणि दहशत यांचे त्रिकूट जमले. उघड बोलायला माणसे घाबरत होती.

अशा वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले. १९८३ पासून ते ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादक होते. ख्रिस्ती वाचकांपुरत्या चालणाऱ्या या मासिकाचे दार त्यांनी सगळ्यांना उघडले आणि पाणी, जमीन, गुंडगिरी या विषयांवर त्यातून सातत्याने लिहिले. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली ख्रिस्ती शेतकरी, हिंदू शेतकरी, समाजवादी कार्यकर्ते, शिक्षक, कोळी, आदिवासी एकत्र आले. मोर्चे निघाले, त्यांत डोक्यावर पदर घेतलेल्या बाया आणि झगा घातलेले फादर खांद्याला खांदा लावून चालले. धर्मगुरूने देवळात प्रवचन द्यावे, पाण्याच्या राजकारणात पडू नये, असे सांगणारे चर्चच्या आतही होते. दिब्रिटोंची भूमिका सरळ होती. आपल्या लोकांची विहीर कोणी उपसून नेत असेल, तर त्याविरुद्ध उभे राहणे हा त्यांना प्रार्थनेचाच भाग वाटत होता.

वसई पूर्ण वाचली नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. तिच्यात जायला अनेक गावांनी कडाडून विरोध केला आणि तो वाद पुढे कित्येक वर्षे चालला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. जुलै २०१८ मध्ये पावसाने वसई बुडाली, लोकल थांबल्या, घरांत पाणी शिरले. त्या पाण्याच्या जाण्याच्या वाटा आणि मुरण्याच्या जागा आपण भरावाखाली घातल्या होत्या. तरीही पश्चिम वसईचा जो हिरवा भाग आज शिल्लक आहे, तो त्या चळवळीमुळे आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून सृष्टीचे रक्षण हे श्रद्धेचे कर्तव्य म्हणून जगापुढे मांडले. वसईच्या शेतकऱ्यांनी ते त्याच्या पंचवीस वर्षे आधी रस्त्यावर मांडले होते. आता इथली तरुण मुले श्रमदानाने बावखले साफ करतात, गाळ आणि प्लास्टिक उपसतात, तेव्हा त्याच वारशाचा पुढचा धडा गिरवत असतात.

तिसऱ्या मजल्यावरची प्रार्थना

वाडीतल्या माणसाला शेजार आयता मिळतो, इमारतीतल्या माणसाला तो कमवावा लागतो. वसई, नालासोपारा, मीरा रोड, बोरिवली इथल्या नव्या इमारतींत गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तामिळनाडूचे, झारखंडचे ख्रिस्ती राहायला आले. भाषा वेगळी, जेवण वेगळे, गाणी वेगळी. पहाटेची लोकल पकडायची, रात्री नऊला परतायचे. रविवारच्या मिस्साला एका बाकावर बसलेली दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांचे नाव न विचारता घरी जाऊ शकतात.

यावर मुंबईच्या महाधर्मप्रांताने ऐंशीच्या दशकात एक उपाय हाती घेतला. वसई तेव्हा त्याचाच भाग होती, तिचा वेगळा धर्मप्रांत १९९८ साली झाला. प्रत्येक धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या परिसराचे, वीस-चाळीस घरांचे गट करायचे आणि त्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमायचे. त्याला लघु ख्रिस्ती समूह म्हणतात.

अशी बैठक साधी असते. वन बीएचकेच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. सोफ्यावर म्हातारी माणसे, बाकीचे सतरंजीवर, दोघेतिघे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. स्टुलावर मेणबत्ती आणि बायबल. एक जण शुभवर्तमानातला उतारा वाचतो. मग थोडा वेळ शांतता. नंतर ज्याला जे वाक्य भिडले ते तो बोलून दाखवतो. फादर बहुतेक वेळा नसतातच, त्यामुळे बोलायला संकोच नसतो. आणि मग मुद्द्याची गोष्ट येते. चौथ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला कोण नेणार? बी विंगमधल्या मुलाच्या वडिलांची नोकरी गेली, त्याची शाळेची फी कशी भरायची? घरात मारहाण होते, तिथे कोणत्या दोन बायांनी जायचे? शेवटी चहा आणि बिस्किटे.

धर्मग्रामाच्या पातळीवर संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे लोक महिन्याचा किराणा, औषधे, घरभाडे यांची व्यवस्था गाजावाजा न करता करतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने मित्रांसह सुरू केलेली ही संस्था आज उपनगरातल्या गरिबीचा सगळ्यात चांगला माहीतगार ठरते, कारण तिचे लोक मदत घेऊन घरात जाऊन बसतात. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सोडवण्यासाठी १९१८ साली वसईत उभी राहिलेली, आज बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून चालणारी पतसंस्था हीसुद्धा याच विचारातून आली. श्रद्धेने इथे हिशेबाची वही उघडली आणि तिला कमीपणा आला नाही.

साडेतीन हात जागा

उपनगरात शेजाराची खरी परीक्षा मरणाच्या वेळी होते. देवळाची घंटा संथ लयीत वाजू लागली की गावात हातातले काम थांबते. खड्डा खणणे, पेटी आणणे, नातेवाइकांना कळवणे, घरात येणाऱ्यांना चहापाणी देणे हे सारे शेजारी करतात आणि पुढचे काही दिवस संध्याकाळी त्या घरी प्रार्थना होते. इमारतीत हे आपोआप घडत नाही. जिथे समूह जागता आहे तिथे घडते. जिथे नाही तिथे दोन माणसे आणि शववाहिनी.

त्यातच जागेची टंचाई. मुंबईतल्या ख्रिस्ती दफनभूमींत कबर कायमची मिळणे दुर्मीळ झाले आहे. ठरावीक वर्षांनी ती उघडली जाते, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्या कुटुंबाला मिळते. कॅथॉलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली, पण जुन्या पिढीच्या मनाला ते अजून पटत नाही. मातीत जाण्याची ओढ मोठी आहे. जिवंतपणी फ्लॅट, मेल्यावर कोनाडा, अशी खंत म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येते. तरी एका कबरीत पाळीपाळीने विसावलेल्यांची अनोळखी कुटुंबे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मृतिदिनी, एकाच कोनाड्यांच्या भिंतीपुढे मेणबत्त्या लावतात, आणि तिथेही नवी ओळख होते.

मराठीतली प्रार्थना

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनची सक्ती काढली आणि लोकभाषेत मिस्सा सुरू झाला. वसईत तो मराठीत आला आणि फुलला. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले, तेव्हापासूनची मराठी ख्रिस्ती परंपरा इथे घरात आली. त्या परंपरेला मान मिळाला तो जानेवारी २०२० मध्ये, धाराशिवच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटोंनी भूषवले तेव्हा. आजारपणामुळे चाकाच्या खुर्चीत बसून ते व्यासपीठावर आले होते. ‘सुबोध बायबल’ आणि ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन मागे ठेवून २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

आज मात्र वसईतल्या चर्चच्या मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत. ज्यांच्या आजोबांनी मराठी मिस्साबद्दल आनंद व्यक्त केला, त्यांची नातवंडे इंग्रजी मिस्साला जातात, कारण धर्मशिक्षणाचे वर्ग त्यांना इंग्रजीत सोपे वाटतात. इंग्रजीला दोष देण्यात अर्थ नाही, ती त्यांची पोटाची भाषा होणार आहे. पण आजीच्या मरणशय्येजवळ म्हणायची प्रार्थना नातवाला आजीच्या भाषेत येत नसेल, तर त्या घरात काहीतरी मोडले आहे.

आपलेही चुकते

हा लेख फक्त कौतुकाचा केला, तर तो खरा होणार नाही. वसईच्या वाड्या बाहेरच्यांनी हिसकावल्या, त्याहून जास्त आतल्यांनी विकल्या. हरित वसईच्या मोर्चात चाललेल्या घरांतही पुढे बिल्डरशी करार झाले. लग्नात हुंडा नसला तरी थाटमाट आहे, दारू आहे आणि त्यापायी कर्ज आहे. तरुण कॅनडाला, आखाताला निघून जातात आणि वाडीच्या दाराला कुलूप लागते. जुन्या वसईकराच्या मनात इमारतीतल्या नव्या ख्रिस्ती शेजाऱ्याबद्दल परकेपणा असतो आणि इमारतीतल्यांना जुने गाववाले गर्विष्ठ वाटतात. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्यांमधली ही दरी धर्मगुरूंच्या प्रवचनाने भरत नाही.

नियम पाळण्यात मात्र हा समाज समजूतदार राहिला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून उपनगरांतल्या कितीतरी देवळांत नाताळच्या पूर्वरात्रीचा मिस्सा मध्यरात्रीऐवजी लवकर सुरू होऊन दहाच्या आत संपतो. शतकांची प्रथा शेजाऱ्याच्या झोपेसाठी बदलली. या बदलाला मी श्रद्धेची कमाई म्हणेन.

इतके सारे पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे. उपनगरात ख्रिस्ती श्रद्धा जिथे देवळाच्या आवारापुरती राहिली, तिथे ती पुढच्या पिढीत रविवारची सवय होऊन उरली. जिथे तिने विहीर, कर्ज, आजारपण, मरण अशा सगळ्यांच्या गोष्टींना हात घातला, तिथे ती जिवंत राहिली आणि तिच्याभोवतीचे बिगरख्रिस्तीही तिचे सोबती झाले. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत शेजारी ठरतो तो जखमीसाठी थांबणारा परजातीचा माणूस. पाच मिनिटांच्या अंतराने लोकल सुटणाऱ्या शहरात थांबणे हीच अवघड साधना आहे.

ख्रिस्ती वाचकांना माझी विनंती आहे, की पुढच्या वेळी समूहाची बैठक तुमच्या घरी असेल तेव्हा समोरच्या दारातल्या बिगरख्रिस्ती कुटुंबालाही चहाला बोलवा आणि इमारतीचा पाण्याचा प्रश्न त्याच बैठकीत घ्या. आणि बाकीच्या वाचकांना सांगणे असे, की या दिवाळीत तुमच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती घरी फराळाचे ताट जाईलच, नाताळला तिकडून कुलकुलही येतील. तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या भागात एखादे बावखल, तळे किंवा जुनी विहीर शाबूत असेल, तर पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही घरांतली माणसे मिळून तिच्यात उतरा आणि ती साफ करा.